काळ्या मातीला धातूंची पारख

उन्हाळ्यात मराठवाड्यातली काळी जमीन फाटते. भेगेत काठी घातली तर तळ सापडत नाही. मृगाच्या दोन-चार चांगल्या सरी आल्या की तीच जमीन फुगते, भेगा मिटतात आणि पाय टाकला तर चप्पल आतच राहते. शेतकरी तिला भारी जमीन म्हणतात आणि वाफसा येईपर्यंत तिच्या वाटेला जात नाहीत. या फुगण्या-आकसण्यामागे मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचा बेसाल्ट झाला, ऊन-पावसात तो झिजत-कुजत गेला आणि त्यातून ही चिकणमाती तयार झाली. कच्छमध्येही दख्खनच्या याच ज्वालामुखी खडकांपासून तिचे जाड थर बनले. ते खणून काढलेला माल बेंटोनाइट या नावाने बाजारात येतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये साच्याची वाळू धरून राहावी म्हणून तो मिसळतात. मुंबईत उंच इमारतींच्या पायासाठी खोल भोकं पाडताना कडा ढासळू नयेत म्हणून त्याचंच पातळ चिखलपाणी भोकात भरून ठेवतात.

हीच माती पाण्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त धरते. हे दाखवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोरचुदाचं फिकट निळं पाणी बाटलीत घ्यावं, त्यात चमचाभर बेंटोनाइट टाकून चांगलं हलवावं आणि गाळ बसू द्यावा. वरच्या पाण्याचा निळेपणा उतरलेला दिसतो. इतकी स्वस्त, इतकी मुबलक आणि इतकी सोपी गोष्ट हाताशी असताना कारखान्यांच्या सांडपाण्यात अजून जड धातू का सापडतात, हा प्रश्न मग साहजिकच पडतो. खऱ्या पाण्यात साधी माती फसते, हे त्याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं उत्तर, माती फसू नये म्हणून तिच्यावर जे संस्कार करतात त्यांच्या खर्चात आणि खटपटीत आहे.

मातीची ही पकड शास्त्रज्ञांच्या नजरेत आली ती धातूंमुळे नव्हे, खतामुळे. १८४०च्या दशकात इंग्लंडमधल्या शेतकऱ्यांना एक चिंता होती. शेणखताच्या ढिगातला अमोनिया पावसाने वाहून जातो का? यॉर्कशायरमधला जमीनदार एच. एस. थॉम्पसन आणि यॉर्कमधला औषधविक्रेता जोसेफ स्पेन्स यांनी १८४५मध्ये नळीत माती भरली, वरून अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं आणि खाली आलेलं पाणी तपासलं. त्यात अमोनिया जवळजवळ नव्हता, मिळालं ते कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. मातीने अमोनियम ठेवून घेतलं होतं आणि त्याच्या बदल्यात कॅल्शियम सोडलं होतं. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी मग हा धागा पकडला. १८५०पासून पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी प्रयोगांमागून प्रयोग केले आणि जितकं घेतलं तितकंच दिलं, असा मातीचा रोखठोक हिशेब असतो हे दाखवून दिलं. हा गुण वाळूचा नाही, मातीतल्या चिकण भागाचा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या काळचे सर्वांत मोठे कृषिरसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना हे पटलं नव्हतं. पुढे वे बरोबर ठरले. आज पाणी मृदू करण्याच्या यंत्रात जी आयन-विनिमयाची क्रिया चालते, तिचा इतिहास याच यॉर्कच्या नळीपासून सुरू होतो.

ही देवाणघेवाण का होते, हे कळायला मात्र विसाव्या शतकातले क्ष-किरण यावे लागले. मॉन्टमोरिलोनाइटचा एक थर जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा असतो. त्या थरात मध्ये ॲल्युमिनियमची पातळी आणि तिच्या वर-खाली सिलिकॉनच्या दोन पातळ्या असतात. सगळ्यांना ऑक्सिजनने जोडलेलं असतं. खनिज बनत असताना काही ठिकाणी तीन धनभार असलेल्या ॲल्युमिनियमच्या जागी दोनच धनभार असलेलं मॅग्नेशियम येऊन बसतं. जागा भरते, पण एक धनभार कमी पडतो. असं हजारो ठिकाणी झालं की सगळ्या थरावर कायमचा ऋणभार राहतो. तो भागवायला दोन थरांच्या मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन पाण्यासकट येऊन राहतात. ते थराला पक्के जोडलेले नसतात, नुसते भाराने ओढलेले असतात. त्यामुळे पाण्यातून दुसरा धन आयन आला की अदलाबदल होऊ शकते. फटीत पाणी शिरतं म्हणून माती फुगते आणि तिथे आयन बदलतात म्हणून धातू पकडले जातात. भारी जमिनीचा त्रास आणि तिचा उपयोग, दोन्हींचं मूळ एकच आहे.

या पकडीचं मोजमापही ठरलेलं आहे. शंभर ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइट साधारण ८० ते १२० मिलिसममूल्य इतक्या भाराचे आयन धरतं. सगळे थर सुटे केले तर एका ग्रॅमला सात-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. कोकणात परिस्थिती वेगळी आहे. तिथे खडक तोच बेसाल्ट असला, तरी धो-धो पावसाने त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका बरंच धुऊन नेलं आणि मागे जांभा राहिला. जांभ्यातली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट असते. तिच्यात असा कायमचा भार जवळजवळ नसतो, त्यामुळे तिची क्षमता शंभर ग्रॅमला ३ ते १५ मिलिसममूल्य एवढीच भरते. पण जांभ्याजवळ लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात आणि ती वेगळ्याच कामाला येतात.

आता धातूंकडे वळू. शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल यांना ढोबळपणे जड धातू म्हणतात. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण वागणुकीमुळे त्याचं नाव याच यादीत येतं. सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन संपवतात, पण शिशाच्या अणूला कोणी खाऊन संपवू शकत नाही. तो पाण्यातून गाळात, गाळातून भाजीत किंवा माशात आणि तिथून माणसात जातो, नाहीसा होत नाही. जपानमधल्या मिनामाता उपसागरात कारखान्याने सोडलेला पारा माशांत साठला आणि त्यातून झालेला आजार १९५६मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. तोयामा भागातल्या जिन्झू नदीत खाणीचं कॅडमियम आलं, त्या पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्या बायकांची हाडं ठिसूळ होऊन मोडू लागली. म्हणूनच पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकातले आकडे फार छोटे आहेत. लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३, पारा ०.००१. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात शिसं आणि घातक सहासंयुजी क्रोमियम, दोन्हींची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे.

प्लेटिंगचा धंदा करणाऱ्याला यावरचा रूढ उपाय पाठ असतो. क्रोमियमच्या पाण्यात आम्ल घालून सामू खाली आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकून सहासंयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी करायचं, मग चुना किंवा कॉस्टिक घालून सगळे धातू हायड्रॉक्साइडच्या रूपात खाली बसवायचे. हे चांगलं आणि स्वस्त तंत्र आहे आणि सांडपाण्यात धातू भरपूर असतील तेव्हा त्याला पर्याय नाही. अडचण शेवटच्या टप्प्यात येते. क्रोमियम ज्या सामूवर नीट खाली बसतं, त्यावर निकेल पुरतं बसत नाही. निकेलसाठी सामू वर नेला तर आधी बसलेलं क्रोमियम थोडं विरघळू लागतं. पाण्यात अमोनिया, सायनाइड किंवा ईडीटीएसारखं धातूला कवटाळणारं रसायन असेल तर चुना बराचसा वायाच जातो. लिटरला काही मिलिग्रॅम धातू मागे उरतात, आणि कायद्याचा आकडा त्याच्याही खाली असतो. उरलेल्यांना पकडण्याचं हे काम मातीला द्यावं, अशी कल्पना आहे.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण तो बहुतेक लेखांत नसतो. क्षमता शंभर ग्रॅमला १०० मिलिसममूल्य धरली तर एक ग्रॅम मातीला कागदावर सुमारे १०४ मिलिग्रॅम शिसं पकडता येईल. पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम शिसं असेल तर ग्रॅमभर मातीत शंभर लिटर पाणी स्वच्छ व्हायला हवं. टनभर बेंटोनाइट घेतला तर दहा कोटी लिटर. ऐकायला फार छान वाटतं. पण पाण्यात एकटं शिसं कधीच नसतं. पिण्यायोग्य मानल्या जाणाऱ्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तेवढ्या पाण्यात शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे चारशेहून जास्त आयन असतात. शिसं ०.१ मिलिग्रॅमवर आणायचं म्हणजे हे प्रमाण चार हजारांवर जातं. पन्नास आसनांच्या एसटीला चारशे जण लोंबकळत आहेत, त्यात एकाच माणसाला बसायला जागा मिळवून द्यायची, असा हा प्रकार आहे. दख्खनच्या बोअरचं पाणी तर याहूनही क्षाराचं असतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातला गिझर उघडून पाहावा.

मातीची बाजू घेऊन सांगायचं तर ती अगदीच आंधळी नाही. थरांच्या कडांवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि सामू सहाच्या वर गेला की ते शिसं, तांबं यांना रासायनिक बंधाने धरतात. कॅल्शियमला ते तितकी दाद देत नाहीत. त्यामुळे शिशाच्या बाबतीत साधी मातीही हिशेबापेक्षा बरी वागते. कॅडमियमच्या बाबतीत मात्र पंचाईत होते. कॅडमियम आणि कॅल्शियम यांचे आयन आकाराने जवळजवळ सारखे, भारही दोघांवर दोनच. नुसत्या भाराच्या ओढीने काम करणाऱ्या मातीला हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत.

क्षमता मातीकडे जन्मजात आहे. तिच्यात नाही ती पारख, आणि बहुतेक सगळे संस्कार या पारखेसाठी असतात, किंवा असायला हवेत. 'असायला हवेत' म्हणायचं कारण, यातल्या काही प्रक्रिया मातीला दुसऱ्याच कामासाठी तयार करतात. सोड्याने प्रक्रिया करून कॅल्शियमच्या जागी सोडियम भरला की माती जास्त फुगते, थर सुटे होतात, पृष्ठभाग मोकळा होतो. इमारतीच्या पायासाठी पाडलेल्या भोकात हे हवंच असतं. सांडपाण्याच्या टाकीत मात्र अशी माती तासन्‌तास बसत नाही, पाणी गढूळ राहतं आणि गाळणी चोंदते. आम्लाने उकळली तर थरातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम काहीसं धुतलं जातं, सूक्ष्म छिद्रं वाढतात, पण आयन बदलण्याची क्षमता घटते. खाद्यतेलाचा रंग उतरवायला ही माती उत्तम. धातू पकडायला तिचा थेट फायदा कमी, तरी एक अप्रत्यक्ष फायदा आहे आणि तो पुढे कामी येतो. आम्लाने खाल्लेल्या जागी सिलिकॉनला चिकटलेले नवे हायड्रॉक्सिल गट तयार होतात, आणि त्यांना दुसरं काही जोडता येतं.

काय जोडायचं, हे रसायनशास्त्रातला एक जुना ठोकताळा सांगतो. अमेरिकन रसायनतज्ज्ञ राल्फ पीअरसन यांनी १९६३मध्ये आयनांची 'कठीण' आणि 'मऊ' अशी विभागणी मांडली. कॅल्शियम, मॅग्नेशियम हे कठीण, त्यांना ऑक्सिजन आवडतो. पारा, कॅडमियम हे मऊ, त्यांचा ओढा गंधकाकडे. शिसं, निकेल, जस्त मधल्या वर्गातले. माती सगळी ऑक्सिजनने मढलेली असते, त्यामुळे तिच्यावर कठीण आयनांची गर्दी होणारच. तिच्यावर गंधकाचे हात बसवले तर कॅल्शियम कितीही असलं तरी तिकडे फिरकणार नाही, पारा मात्र थांबेल. हे काम थायॉल गटाने होतं. थायॉल म्हणजे गंधक आणि हायड्रोजनची जोडी. सिलेन नावाच्या रसायनाच्या एका टोकाला थायॉल असतो आणि दुसरं टोक मातीच्या हायड्रॉक्सिलशी पक्का बंध करतं. साध्या मॉन्टमोरिलोनाइटला असे हायड्रॉक्सिल फक्त कडांवर असतात, म्हणून जोडणी थोडीच होते. आधी आम्लाची प्रक्रिया किंवा थरांमध्ये सिलिकाचे आधार उभारून फटी रुंद करणं, हे त्यासाठीच करतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मिशिगन स्टेट विद्यापीठात थॉमस पिनाव्हाया यांच्या गटाने असे सच्छिद्र केलेले आणि थायॉल बसवलेले चिकणमातीचे पदार्थ पाऱ्यासाठी तयार करून दाखवले. पकड जबरदस्त होती. ग्रॅमभर पदार्थात एक मिलिमोल थायॉल असेल आणि त्यामागे एक मिलिमोल पारा धरला तर त्यात २०० मिलिग्रॅम पारा मावतो, आणि तो क्षाराच्या पाण्यातही.

या हाताला खोडही आहे. उघड्या हवेत राहिलेले दोन थायॉल एकमेकांना धरतात, त्यांचं डायसल्फाइड होतं आणि मग धातूसाठी हात मोकळा राहत नाही. सिलेन महाग आहे आणि ते जोडायला बऱ्याचदा टोल्युइनसारखा द्रावक लागतो. किलोला काही रुपये असलेल्या मातीवर तिच्या कित्येक पटींनी महाग रसायन चढवल्यावर तिला 'स्वस्त शोषक' म्हणणं मला पटत नाही. पारा जिथे आहे तिथे ही किंमत मोजावी, जस्तासाठी मोजू नये, इतका फरक तरी करायलाच हवा.

आतापर्यंतचे धातू धनभारित होते. सहासंयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक यांचा खेळ उलटा आहे. क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभारित रूपात असतं. ऋणभारित माती त्याला दूर ढकलते. मग मातीचंच चिन्ह बदलायचं. हेक्झाडेसिलट्रायमिथाइलअमोनियम या लांबलचक नावाच्या रेणूला एक धनभारित डोकं आणि सोळा कार्बनची तेलकट शेपटी असते. जखमा धुवायच्या जंतुनाशकातलं सेट्रिमाइड याच कुळातलं. हा रेणू थोडा घातला की डोकी मातीला चिकटतात आणि शेपट्या बाहेर राहतात. जास्त घातला की शेपटीत शेपटी अडकवून दुसरा थर बसतो आणि आता डोकी बाहेर येतात. माती धनभारित होते आणि क्रोमेटला धरते. कल्पना सुरेख आहे. फक्त दुसरा थर नुसत्या शेपट्यांच्या जोरावर उभा असतो, त्यातले रेणू सुटून पाण्यात जाऊ शकतात आणि ते माशांना व इतर जलचरांना घातक असतात. सल्फेट जास्त असलेल्या पाण्यात तेही जागा अडवतं. त्यामुळे क्रोमियमसाठी दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. मातीवर धातुरूप लोहाचे सूक्ष्म कण बसवायचे. लोह क्रोमेटला त्रिसंयुजी करतं आणि ते तिथेच हायड्रॉक्साइड होऊन बसतं. प्लेटिंगवाला जे दोन टाक्यांत करतो ते इथे एका कणावर घडतं, आणि माती त्या लोहाच्या कणांना गोळा होऊ देत नाही.

आर्सेनिकच्या बाबतीत जांभा कामाला येतो. आर्सेनेट आयन लोहाच्या ऑक्साइडवर घट्ट बसतो, आणि पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकचं भूजलही आहे आणि जांभाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी स्थानिक जांभा दळून आधी आम्लाने आणि मग अल्कलीने त्याच्यावर प्रक्रिया केली. आम्लात लोह-ॲल्युमिनियम विरघळतात, अल्कलीत ते ताज्या, भुसभुशीत हायड्रॉक्साइडच्या रूपात पुन्हा कणांवर बसतात आणि पकडायला नवा पृष्ठभाग मिळतो. महागडा रेणू जोडायचा नाही, जवळच्याच दगडातलं लोह नव्याने मांडायचं. हे जांभ्याचे फिल्टर बंगालमधल्या बाधित भागांत बसवले गेले आणि लोकांनी त्यांचं पाणी वापरलं. सुधारित मातीवरच्या ढीगभर संशोधनातलं गावातल्या नळापर्यंत पोहोचलेलं काम थोडंच आहे, आणि हे त्यातलं एक. माल जवळचा होता, रसायनं साधी होती, आणि पाणीही त्याच भागातलं, त्यातल्या सगळ्या क्षारांसकट तपासलेलं. हे यश त्यातूनच आलं असं मला वाटतं.

कारण बाकीच्या ढिगाची गत वेगळी आहे. ठरावीक प्रयोग असा असतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिशाचं नायट्रेट विरघळवून लिटरला १०० मिलिग्रॅमचं पाणी करायचं, त्यात माती टाकायची, तासभर हलवायचं, ९५ टक्के शिसं गेलं म्हणून लिहायचं. ९५ टक्के गेलं म्हणजे पाच मिलिग्रॅम उरलं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या पाचशे पट. इर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९१८मध्ये मांडलेल्या समीकरणातून 'कमाल क्षमता' काढली जाते. तो आकडा खरा असतो, पण माती तृप्त होईपर्यंत तिला धातू पाजल्यावरचा. नाल्याच्या पाण्यात ती तृप्ती कधीच येत नाही. तिथे महत्त्वाचं असतं, लिटरला एखादा दशांश मिलिग्रॅम धातू असताना, शेजारी चार हजार कॅल्शियम असताना माती किती धरते ते. असा निबंध वाचताना मी आधी पाणी कोणतं होतं ते पाहतो. डिस्टिल्ड असेल तर पुढचे आकडे जरा सबुरीने वाचतो.

पाण्यातून माती परत काढणं ही सांगायला क्षुल्लक आणि करायला त्रासदायक गोष्ट. भुकटी टाकली तर ती बसत नाही, नळीत भरली तर फुगून वाट बंद करते. त्यावर उपाय निघाले आहेत. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटमध्ये माती कालवून कॅल्शियमच्या द्रावणात थेंब सोडले की लहान गोळ्या बनतात आणि त्या नळीत नीट भरता येतात. मातीवर मॅग्नेटाइटचे कण बसवले तर चुंबकाने ती एका बाजूला ओढून घेता येते. माती भाजून दाणे केले तर ती फुगत नाही, पण भाजताना फटी मिटतात आणि क्षमता जाते. वे यांनीही तापवलेल्या मातीची शक्ती जाते हे पाहून ठेवलं होतंच.

पकडलेल्या धातूचं पुढे काय, हा प्रश्न मात्र सुटत नाही. माती धातू नष्ट करत नाही, लाखो लिटर पाण्यातला धातू काही किलो मातीत आणून ठेवते. ही माती कायद्याने घातक कचरा ठरू शकते, आणि मग महाराष्ट्रातल्या कारखान्याला ती तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी यांसारख्या अधिकृत जागी पाठवावी लागते. त्याचे पैसे वजनावर पडतात. म्हणजे माती स्वस्त म्हणून सढळ हाताने वापरली तर विल्हेवाटीत ती महाग पडते, आणि महागडी, पारखी माती थोडी लागली तर हिशेब उलटू शकतो. धातू काढून माती पुन्हा वापरता येते. साध्या मातीला पातळ आम्ल पुरतं, पण प्रत्येक धुण्यात तिचा थोडा भाग खाल्ला जातो. थायॉलवरचा पारा सुटायला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा थायोयुरिया लागतो. शिवाय धुतल्यावर हाती येतं ते धातूचं आम्लधर्मी पाणी, त्यालाही जागा लागतेच. वापरलेली माती भट्टीत घालून वीट करण्याचे प्रयोग झाले आहेत. भाजताना शिसं, जस्त सिलिकेटच्या काचेत अडकून बसतात. क्रोमियमची माती मात्र हवेत भाजली तर त्रिसंयुजी क्रोमियम पुन्हा सहासंयुजी होऊ शकतं, आणि पारा तर धुराबरोबर उडून जातो. विटेची वाट सगळ्यांना एकसारखी खुली नाही.

या सगळ्यातून एक गैरसमज मात्र वाढला. माती विष ओढते म्हणून बेंटोनाइट पाण्यात कालवून प्यावं, अंग 'शुद्ध' होतं, अशा जाहिराती परदेशात सुरू झाल्या आणि इथेही आल्या. मातीला देवाणघेवाण करताना आपण प्रयोगशाळेत आहोत की पोटात, हे कळत नाही. जठरातल्या आम्लात ती धरलेलं सोडते. २०१६मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने बेंटोनाइटच्या काही उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं, कारण त्या मातीतच शिशाचं प्रमाण जास्त निघालं होतं. खनिज ज्या खडकातून येतं त्यातले धातू घेऊनच येतं. गरोदरपणी भाजलेली माती खाण्याचे डोहाळे लागतात, त्यांच्याबाबतही डॉक्टरांनी नुसतं हसून सोडू नये ते यासाठीच.

सुधारित माती आज खरी शोभते ती रांगेत शेवटी. आधी चुन्याने धातूंचा मोठा वाटा खाली बसवायचा, गाळ वेगळा काढायचा, पाणी वाळूतून गाळायचं, आणि मग उरलेल्या मिलिग्रॅमभरासाठी ही माती भरलेला स्तंभ लावायचा. असा स्तंभ लावणाऱ्याने विक्रेत्याला क्षमता किती असं विचारण्याऐवजी आपल्याच टाकीतलं कॅनभर पाणी द्यावं आणि स्तंभातून बाहेर येणाऱ्या पाण्यात धातू दिसू लागेपर्यंत किती लिटर जातात ते मोजून मागावं. त्यासोबत, भरलेल्या स्तंभातली माती परत कोण नेणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.